स्कार्फ त्रिकोणी होत होता, त्याची गोष्ट

गुहागरच्या पावसात बाहेर पडणं बंद, म्हणून पडवीत बसून क्रोशाचा स्कार्फ विणायला घेतला. ४ मिमीची सुई, सुती दोरा, दर दोन ओळींनी रंग बदलायचा. नक्षी शिंपल्यांची: एका टाक्यात पाच खांब (उंच टाके), दोन्ही बाजूंना दोन-दोन टाके सोडून एक छोटा टाका. सहाच्या पटीत टाके लागतात, म्हणून ३६ अधिक १ आणि वळायची १, अशा ३८ साखळ्या.

वीतभर विणून झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, "अगो, हा स्कार्फ की पताका?"

खरंच, एक कड आत-आत सरकत होती. आधी हात घट्ट पडतोय असं वाटलं, मोठी सुई घेतली. काही फरक नाही! मग ओळीतले शिंपले मोजले. सहाचे पाच झालेले.

चूक वळणावर होती. एकाआड एक ओळ अर्ध्या शिंपल्याने सुरू होते; तिच्यात सुरुवातीच्या तीन साखळ्या म्हणजेच पहिला खांब. परत येताना शेवटचा छोटा टाका त्या तिसऱ्या साखळीच्या डोक्यात घालायचा, आणि मी तो शेजारच्या खांबावरच घालून वळत होते. दोन रंगांच्या दोऱ्यांच्या शेपट्या तिथेच लोंबत असल्यामुळे साखळी दिसायचीच नाही.

सहा शिंपले होते तिथपर्यंत उसवलं (जीव हळहळला). आता तिसरी साखळी घातली की तिच्यात लगेच खुणेला वेगळ्या रंगाचा दोरा अडकवते. शेपट्याही त्याच वेळी आत ओवून टाकते.

धुऊन, टाचण्या लावून गादीवर ताणला. श्रावणातली हवा, पंख्याखालीही वाळायला दोन दिवस लागले.