उरलेल्या लॅमिनेटेड काचेचा फिश टँक करायचाय? आधी हे वाचा

घराचं काम निघतं, बाल्कनीच्या रेलिंगची नाहीतर दुकानाच्या पार्टिशनची काच उरते, ती जिन्याखाली भिंतीला टेकवून ठेवलेली असते आणि घरात एक तरी मासेवेडा असतोच, पुढचं सांगायला नको. "एवढी जाडजूड काच आहे, गाडीच्या पुढच्या काचेसारखी, फुटली तरी सांडत नाही, मग टँकला का नाही चालणार?" मीही हेच म्हणालो होतो आणि तो उद्योग करूनही बसलोय, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतो. काच मजबूत आहे, त्यात वादच नाही. पण काचवाला जेवढे एमएम सांगतो तेवढ्या जाडीच्या साध्या काचेएवढी मजबूत नाही, आणि टँक सुटतो तो बऱ्याचदा काचेत नाही, जोडात सुटतो. लॅमिनेटेडची खरी अडचण तिथेच आहे.

आधी काच काय आहे ते बघू. दोन साध्या काचा आणि मध्ये पीव्हीबी नावाचं पारदर्शक प्लास्टिक, गरम करून दाबून एकजीव केलेलं. हे प्लास्टिक ०.३८ एमएमच्या पटीत येतं, म्हणून काचवाल्याकडे ११.५२, १३.५२ असे चमत्कारिक आकडे ऐकू येतात. १३.५२ म्हणजे ६ ची काच, १.५२ चं प्लास्टिक, परत ६ ची काच. आपण ऐकतो साडेतेरा आणि मनात म्हणतो, बारा एमएमच्या टँकला ही डोळे झाकून चालेल. इथेच गणित चुकतं.

घरातल्या दोन प्लास्टिकच्या फूटपट्ट्या घ्या, एकावर एक ठेवून वाकवा, सहज वाकतात कारण वाकताना एक दुसरीवर घसरते. त्याच फेव्हिक्विकने घट्ट चिकटवल्या तर वाकवायला दम लागतो. आता फेव्हिक्विकऐवजी मध्ये च्युइंगम आहे असं समजा. पटकन दाबलंत तर च्युइंगम धरून ठेवतं, पण एका टोकाला वजन टांगून रात्रभर ठेवलंत तर ते हळूहळू सरकतं आणि सकाळी पट्टी खाली आलेली असते. पीव्हीबी हे तसलं आहे. दगड बसला, डोकं आपटलं, वाऱ्याचा झोत आला, अशा क्षणभराच्या माराला ते कडक असतं आणि गाडीला, रेलिंगला तेवढंच लागतं. टँकमधलं पाणी मात्र रात्रंदिवस, वर्षानुवर्षं ढकलत असतं. त्यात पीव्हीबी गरमीत मऊ पडतं, आणि आपले मासे २६-२८ डिग्रीच्या पाण्यात राहणारे, वर एप्रिल-मे आहेच. म्हणजे लॅमिनेटेड काचेला जे अजिबात मानवत नाही तेच टँकमध्ये तिच्या वाट्याला चोवीस तास येतं.

म्हणून हिशोब करताना मधलं प्लास्टिक नाहीच, दोन काचा नुसत्या पाठीला पाठ लावून उभ्या आहेत असं धरायचं. अशा दोन सारख्या काचांची ताकद एका थराच्या साधारण १.४ पट जाडीच्या काचेएवढी भरते. ५+५ म्हणजे साधी ७, ६+६ म्हणजे साडेआठ, ८+८ म्हणजे सव्वाअकरा, १०+१० म्हणजे चौदा. आणि ही फुटण्याची गोष्ट झाली, वाकण्याच्या बाबतीत ६+६ तर साडेसातच्या काचेसारखी वागते, म्हणजे पोट जास्त येणार.

आता लागते किती ते. पाण्याचा दाब उंचीवर ठरतो, टँक मागे किती खोल आहे याच्याशी त्याचा काही संबंध नाही, हे लोकांना पटत नाही पण तसंच आहे. चार फुटी टँकमध्ये ४५ सेंटीमीटर पाणी असेल तर पुढच्या काचेवर एकूण जोर येतो १२० किलोच्या आसपास, म्हणजे दोन दणकट माणसं काचेला रेलून उभी आहेत असं समजा. तेच पाणी ६० सेंटीमीटर केलं की २१५ किलो. उंची वाढली फक्त अर्धा फूट आणि जोर पावणेदोन पट. वर पट्टी नसलेल्या उघड्या टँकला, साध्या काचेत आणि ३.८ चा सेफ्टी फॅक्टर धरून (म्हणजे काच जेवढ्या ताणाला फुटेल त्याच्या ३.८ पट कमी ताण तिच्यावर ठेवून), जे सूत्र हौशी लोक सर्रास वापरतात त्यातून आकडे येतात ते असे: दोन फुटी, एक फूट उंच टँकला ४ च्या जरा वर, म्हणजे ५ एमएम घ्यायची. चार फुटी, दीड फूट उंच टँकला बरोबर ८ (मी १० घेतो, कारण घरात क्रिकेट चालतं). चार फुटी, दोन फूट उंच टँकला ११.७, म्हणजे १२.

आता या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवा. दीड फुटाला लागते ८, आपली ६+६ देते साडेआठ, म्हणजे काच म्हणून पास. दोन फुटाला लागते ११.७, आणि नावाला साडेतेराची असलेली तीच काच देते साडेआठ. सेफ्टी फॅक्टर ३.८ वरून २ वर येतो. लगेच फुटेल असं नाही, महिनोन्महिने उभीही राहील आणि तुम्ही मला म्हणाल की बघ काही झालं नाही. पण कडेला एक बारीक टवका असला, स्टँड जरा वाकडा असला, की तो जो जादाचा भाग आपण ठेवतो तो यांतच खर्च होतो. दोन फूट उंचीला लॅमिनेटेड वापरायचीच तर १०+१० लागेल, आणि ती उचलायला दोन माणसं.

"पण एक थर तडकला तरी दुसरा धरतो ना?" हा मुद्दा खरा आहे आणि लॅमिनेटेडचा तोच एक मोठा फायदा आहे. फक्त उरलेला एकटा ६ चा थर किती धरतो तेही बघा. दीड फूट पाण्याला त्याचा फॅक्टर २ च्या वर राहतो, म्हणजे बादल्या आणून, मासे काढून, टँक रिकामा करायला निवांत वेळ आहे. दोन फुटाला तो येतो १ वर, म्हणजे अगदी काठावर. जिथे बॅकअपची गरज जास्त तिथेच तो बॅकअप लटका पडतो.

आता जोड. आपल्याकडचा नेहमीचा टँक म्हणजे पाच काचा आणि सिलिकॉन. सिलिकॉन काचेला धरतं, पण लॅमिनेटेडमध्ये आतून चिकटवलेलं सिलिकॉन फक्त आतल्या थराला धरतं, बाहेरचा थर पीव्हीबीच्या भरवशावर लटकलेला. दुसरं असं की टँकचं जे सिलिकॉन असतं ते सुकताना व्हिनेगरसारखा वास येतो, ते ॲसिटिक ॲसिड असतं आणि पीव्हीबीच्या उघड्या कडेला ते चालत नाही. काच आणि प्लास्टिक बनवणारे म्हणूनच लॅमिनेटेडच्या कडेला न्यूट्रल, म्हणजे असं ॲसिड न सोडणारं सिलिकॉन वापरा म्हणतात. तिसरं, पीव्हीबी कडेने ओल शोषतं. कड सतत पाण्यात किंवा ओल्या सिलिकॉनमध्ये राहिली की ती आधी दुधाळ होते, मग थर सुटायला लागतात.

माझ्या टँकचं हेच झालं. मित्राच्या दुकानाचं पार्टिशन निघालं होतं, ५+५ ची काच, मी अडीच फुटी, सव्वा फूट उंच टँक केला, हिशोबात बसत होतं. पहिले चार महिने झकास. मग एका संध्याकाळी लाइट लावली तर खालच्या डाव्या कोपऱ्यात नखाएवढा पांढरा डाग, मला वाटलं क्षार बसलेत, ब्लेडने घासला तर जाईना कारण तो काचेवर नव्हताच, काचेच्या आत होता. पावसाळ्यात तो वाढत वाढत बोटभर आत गेला, कडेने नेच्याच्या पानासारखी नक्षी झाली. गळती एक थेंब नाही, काच तडकली नाही, पण जोडाजवळच दोन थर सुटत चाललेत हे दिसत असताना झोप लागेना, शेवटी गप्पी बादलीत आणि टँक रिकामा. काच साधी असती तर तो टँक आजही चालू असता.

तरीही काच फुकटात पडलीय आणि हात शिवशिवतायत, तर आधी ती टफन, म्हणजे तापवून झटकन थंड करून कडक केलेली, आहे का ते बघा. रेलिंगची काच बऱ्याचदा टफन करून मग लॅमिनेट केलेली असते. कोपऱ्यात बारीक शिक्का असतो तो शोधा. नाही सापडला तर लॅपटॉपची स्क्रीन पूर्ण पांढरी करून काचेमागे धरा आणि पोलराइज्ड गॉगल घालून बघा, गडद-फिक्के पट्टे किंवा ठिपके दिसले तर टफन. तसं असेल तर विषय संपला, ती कापता येत नाही, हिरा लावून तोडायला गेलात की खडीसाखर होते. आणि लॅमिनेटेड टफनचे दोन्ही थर गेले तर मधलं प्लास्टिक ओल्या गोधडीसारखं वाकतं, ते पाणी धरणार नाही.

साधी लॅमिनेटेड निघाली तर कापायचं काम काचवाल्याला द्या. दोन्ही बाजूंनी हिरा मारून दोन्ही थर तोडतात, मग रेषेत स्पिरिट टाकून पेटवतात म्हणजे पीव्हीबी मऊ होतं, आणि फटीतून ब्लेड फिरवतात. बघायला मजा येते पण घरी करू नका. कापल्यावर कडेवर नख फिरवून बघा, दोन थर एका रेषेत नसतात, एक पुढे एक मागे असतो, तेव्हा कड घासून घ्यायला सांगा, आणि कडेला टवका असलेला तुकडा सरळ बाजूला काढा.

मग फक्त पुढची काच लॅमिनेटेड ठेवा, तळ, बाजू आणि पाठ साध्या काचेच्या. पुढची काच बाजूंच्या आणि तळाच्या कडांवर बाहेरून झाकण बसल्यासारखी बसवायची, मधे अडकवायची नाही. याने काय होतं, तिच्या चारही कडा बाहेर, कोरड्या राहतात आणि सिलिकॉन फक्त आतल्या सपाट भागाला लागतं. मास्किंग टेप लावून काम करा, कडेवर सिलिकॉन आलं तर ओलं असतानाच पुसा. सिलिकॉन टँकसाठीचंच, बाथरूमचं बुरशी न येणारं नको, त्यातलं औषध मासे मारतं. बाहेरून चारी बाजूंनी लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या अँगलची फ्रेम करा, पूर्वी पुट्टीवाले टँक असायचे तशी, म्हणजे बाहेरचा थरही कुणीतरी धरलेला असेल. फ्रेमच्या खालच्या खाचेत पाणी साचणार नाही हे बघा, नाहीतर कोरड्या कडेचा सगळा खटाटोप वाया. उंची दीड फुटाच्या वर नाही, आणि वरून काचेची आडवी पट्टी हवीच.

याहून चांगला उपयोग सांगू? गच्चीत किंवा अंगणात सिमेंटचा हौद किंवा आतून इपॉक्सी मारलेली प्लायवूडची पेटी करत असाल तर तिला खिडकी म्हणून ही काच लावा. भिंतीला दोन इंचांची चौकट सोडायची, काच आतून चौकटीवर टेकवायची, पाणीच तिला चौकटीवर दाबून धरतं. चारही बाजूंनी आधार, जोडावर ताण जवळजवळ नाहीच, सिलिकॉनचं काम फक्त गळती थांबवणं. म्हणून इथे न्यूट्रल सिलिकॉन बिनधास्त चालतं, बुरशीचं औषध नसलेलं तेवढं बघून घ्या, आणि कडा त्यानेच पूर्ण बंद करा.

काहीही केलंत तरी टँक घाईत भरायचा नाही. सिलिकॉनला निदान आठवडा द्या. स्टँड लेव्हलमध्ये, तळ सगळीकडून टेकणारा असेल तर खाली थर्माकोल, मग टँक. पहिल्या दिवशी एक तृतीयांश, दुसऱ्या दिवशी दोन तृतीयांश, तिसऱ्या दिवशी पूर्ण, मासे नाहीत, माती नाही, नुसतं पाणी. पूर्ण भरल्यावर पुढच्या काचेच्या मध्यावर, आडवा, दोन्ही टोकांना सारख्याच जाडीचे पुठ्ठ्याचे तुकडे ठेवून दोरा ताणा आणि काच मध्ये किती पुढे आलीय ते पट्टीने मोजून मास्किंग टेपच्या तुकड्यावर तारखेसकट लिहून ठेवा. साध्या काचेचं पोट पहिल्या दिवशी जेवढं येतं जवळपास तेवढंच राहतं. लॅमिनेटेडचं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थोडं वाढतं, ते पीव्हीबी सरकतंय, ते धरून चाला. पण पंधरा दिवसांनी मोजलं आणि अजून वाढतच असेल, तर पाइप लावा आणि पाणी अर्ध्यावर आणा, त्याच दिवशी.