एमजीबीवर बोली लावण्याआधी

इंग्लंडमध्ये लिलावातून एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार घ्यायची ठरवली असेल, तर तयारी घरीच सुरू करा. १९६२ ते १९८० या काळात अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात या गाड्या, बंद टपाच्या जीटीसकट, पाच लाखांवर बनल्या. एक हुकली तर दुसरी मिळेल, एवढं आधी मनाशी पक्कं करा.

कॅटलॉगमधला गाडीचा नंबर ब्रिटिश सरकारच्या साइटवर टाकून एमओटीचा, म्हणजे दरवर्षीच्या सक्तीच्या तपासणीचा, इतिहास वाचा. तो फुकट मिळतो. कितव्या मैलावर तपासणी झाली, ‘गंज’ हा शेरा किती वेळा आला, हे सगळं त्यात दिसतं. मात्र चाळीस वर्षांवरच्या, मोठे बदल न केलेल्या गाडीला आता एमओटीची सक्ती नाही. शेवटची तपासणी कधीची आहे ते मुद्दाम बघा. चेसिस नंबरची सुरुवात जीएचएन असेल तर गाडी उघडी रोडस्टर, जीएचडी असेल तर जीटी. कागदाशी गाडी जुळते का, हे तिथेच कळतं. बऱ्याच गाड्या अमेरिकेला गेल्या आणि परत आल्या. कोरड्या हवेतून आलेली बॉडी चांगली असू शकते. स्टिअरिंग डावीकडून उजवीकडे कोणी आणि कसं घेतलं, ते विचारा.

गाडी बघायच्या दिवशी टॉर्च, फडक्यात गुंडाळलेलं छोटं चुंबक आणि गुडघे टेकायला जुनी चटई न्या. हात लावण्याआधी तिथल्या माणसाची परवानगी घ्या. मग रंगाकडे न बघता थेट खाली वाका. एमजीबीला वेगळी चेसिस नाही, सगळा भार बॉडीच पेलते, आणि दाराखालची सिल ही तिची खरी ताकद. सिल अनेक पत्र्यांची असते. आतला पत्रा कुजलेला ठेवून वर नवा पत्रा वेल्ड करणारे लोक आहेत, म्हणून बाहेरून गुळगुळीत दिसली तरी विश्वास ठेवू नका. दाराच्या कडेची फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का? दार उघडल्यावर खाली लोंबतं का, लावताना अडतं का? पुढच्या मडगार्डचा चाकामागचा खालचा भाग, मागच्या चाकासमोरचा कोपरा आणि फ्लोअर बघा. सीटमागच्या फळीखाली बॅटऱ्या असतात (जुन्या गाड्यांत सहा-सहा व्होल्टच्या दोन), त्यांचे खोके हमखास गंजतात. चुंबक धरत नाही तिथे पुट्टी आहे. गाडीच्या पोटाला ताजा काळा थर दिसला तर माझा संशय वाढतो.

इंजिनाची मला तेवढी काळजी वाटत नाही. १७९८ सीसीच्या या इंजिनाचा जवळजवळ प्रत्येक पार्ट आजही मिळतो. १९८८पासून तर अख्खी नवी बॉडीसुद्धा बनते. गिअरबॉक्स बिघडला तर खर्चाचा अंदाज बांधता येतो. गंजाचा खर्च मात्र पत्रा कापल्याशिवाय कोणालाच सांगता येत नाही, म्हणून तुमची बोली सिलवरून ठरवा.

बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर गाडी आधीच सुरू करून ठेवली होती. थंड गाडी आपल्यासमोर सुरू करायला सांगा, ऑइल प्रेशरचा काटा आणि निळा धूर बघा. तारांची चाकं असतील तर प्रत्येक तार बोटाने हलवून पाहा. ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिनाचे फेरे कमी करणारी गिअरबॉक्सची जोड) उभ्या गाडीत तपासता येत नाही. तो चालत नाही असं धरूनच हिशेब करा.

पैशांचं गणित कागदावर मांडा. हातोडा दहा हजार पौंडांवर पडला आणि खरेदीदाराचं प्रीमियम, म्हणजे लिलावघर तुमच्याकडून घेतं ते कमिशन, साडेबारा टक्के असेल, तर १,२५० पौंड आणि त्यावर वीस टक्के व्हॅट, म्हणजे आणखी २५०. एकूण ११,५००. प्रत्येक लिलावघराचा दर वेगळा, तेव्हा अटी वाचा. पैसे किती दिवसांत भरायचे आणि गाडी उचलायला उशीर झाला तर भाडं किती, तेही त्यातच असतं. ओळखपत्र घेऊन नोंदणी आधीच करा आणि कमाल आकडा सोबतच्या माणसाला सांगून ठेवा.

विमा आधी बोलून ठेवा, तोही ठरलेल्या किमतीचा, म्हणजे गाडीची किंमत कंपनीशी आधीच ठरवून घेतलेला. जुन्या मालकाचा रोड टॅक्स तुमच्या नावावर येत नाही. ऐतिहासिक गाडीला पैसे पडत नसले तरी कागदपत्रांतल्या हिरव्या चिठ्ठीवरून नोंद तुम्हालाच करावी लागते. पेट्रोल ई-५ (जास्तीत जास्त पाच टक्के इथेनॉलचं) भरा. टायरवरचे चार आकडे वाचा: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. दहा वर्षांपूर्वीचे निघाले तर नक्षी कितीही खोल असो, गाडी ट्रेलरवरूनच घरी न्या.