सीडीच्या डब्या बदलताय? या चुका टाळा

मागच्या पावसाळ्यात शास्त्रीय गायक द. वि. पलुस्करांची सीडी कपाटातून काढली आणि डबीचं झाकण हातात राहिलं, तळ खाली आपटला. बुवांचा जन्म आमच्या नाशिकचा, १९२१ सालचा, त्यामुळे आमच्या घरात त्या सीडीला जरा मानाची जागा आहे. सीडी वाचली. डबीच्या झाकणाचा बिजागरीकडचा एक कान मात्र मोडला, आणि आतल्या ट्रेचे सीडी धरणारे चार दात तर आधीच गेलेले होते. म्हटलं, नवी डबी आणू. मग सगळंच कपाट खाली काढलं, तेव्हा २७० पैकी ४० डब्या बदलायच्या लायकीच्या निघाल्या. पुढच्या तीन महिन्यांत मी जे उद्योग केले, त्यातले निम्मे करायला नको होते. तेच इथे लिहितो आहे.

मागताना शब्द चुकतो

एम. जी. रोडवर एका दुकानात मी विचारलं, "सीडीच्या केस आहेत का?" पोराने मोबाइलची कव्हरं पुढे केली. पुढच्या दुकानात "सीडी कव्हर" म्हणालो, तर पांढऱ्या कागदी पाकिटांचा गठ्ठा आला. तिसऱ्याने सरळ सल्ला दिला, "काका, पेन ड्राइव्ह घ्या ना, सगळी गाणी बसतील." त्याचं चुकत नव्हतं, पण माझी अडचण वेगळी होती.

व्यवहारातलं नाव 'ज्वेल केस'. तेही अर्धवटच, कारण तिच्यात जाड आणि पातळ असे दोन प्रकार येतात. जुन्या दुकानदाराला "सीडीची जाड डबी, आत वेगळा ट्रे असलेली" असं सांगितलं की लगेच कळतं. आणि खरं सांगायचं तर संगणकाच्या दुकानांपेक्षा फोटोग्राफरना सामान पुरवणारी दुकानं जास्त उपयोगी पडतात. लग्नाच्या शूटिंगच्या सीडी-डीव्हीडी गिऱ्हाइकाला द्यायला हे लोक एकेकाळी डब्या खोक्यांनी घ्यायचे. त्यातली शिल्लक माळ्यावर पडून असते. मेन रोडच्या बाजूच्या अशाच एका दुकानदाराने शिडी लावून मला धुळीने माखलेलं खोकं काढून दिलं, वर म्हणाला, "घेऊन जा, जागा तरी मोकळी होईल." फक्त त्यात डीव्हीडीच्या उंच डब्या मिसळलेल्या असतात. त्या साधारण १९० मिमी उंच, सीडीच्या कपाटात मावत नाहीत.

पातळ डबीचा मोह

माझी सगळ्यात महाग पडलेली चूक हीच. २५ पातळ डब्या एका दमात घेतल्या. स्वस्त होत्या, आणि कपाटात दुप्पट सीडी मावतील हा हिशोबही बरोबर होता. जाड डबी १४२ × १२५ मिमी, जाडी १० मिमीहून किंचित जास्त. पातळ डबी जाडीला तिच्या निम्मी.

घरी येऊन बसलो तेव्हा लक्षात आलं की मागचा कागद ठेवायला जागाच नाही. जाड डबीत तळ आणि ट्रे यांच्यामध्ये गाण्यांच्या यादीचा छापील कागद असतो. तो साधारण १५१ × ११८ मिमी, आणि त्याच्या दोन्ही कडा दुमडून उभ्या केलेल्या असतात. त्या उभ्या कडांवर अल्बमचं नाव असतं, म्हणून तर कपाटात रांगेने लावलेल्या सीडी नावं वाचून ओढता येतात. पातळ डबीत ट्रेच नसतो, चकती थेट तळावर असते. म्हणजे मागचा कागद कापा, घडी घाला किंवा वेगळा ठेवा. मी दोन कागद कापले. त्यांतला एक मराठी नाट्यसंगीताच्या जुन्या संचाचा होता, त्यावर साथीदारांची नावं होती. तो आता परत मिळणार नाही.

घरी रेकॉर्ड केलेल्या सीडी, लग्नाचे फोटो, मुलीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाचं रेकॉर्डिंग, यांना पातळ डबी उत्तम. छापील अल्बमला नको.

पूर्ण डबी कशाला?

डबी म्हणजे तीन सुटे भाग: झाकण, तळ आणि ट्रे. माझ्या ४० डब्या मी नीट तपासल्या, तर बहुतेकांचा एकच भाग गेला होता, कुठे झाकणाचा कान, कुठे ट्रेचे दात. तळ जवळजवळ सगळ्यांचे शाबूत. १९८२ मध्ये सीडी बाजारात आली तेव्हापासून या डबीचं मूळ माप तेच आहे, त्यामुळे एकीचं झाकण दुसरीला बहुधा चालतं. बहुधा, कारण बिजागरीच्या खुंट्या कारखान्यागणिक केसभर इकडे-तिकडे असतात. एखादं झाकण बसतं पण करकरतं. तेव्हा दोन-तीन झाकणं लावून बघायची, सहज मिटेल ते ठेवायचं.

तुटलेल्या डब्यांचे ढीग करा, एकात चांगली झाकणं, एकात चांगले ट्रे. माझ्या ४० पैकी १४ डब्या एक पैसा न घालता अशा जुळल्या.

आणि चिकटवाचिकटवी नको. मोडलेला कान झटपट गोंदाच्या ट्यूबने जोडायचा मोह मलाही झाला. त्या गोंदाच्या वाफेने आरपार प्लास्टिकवर पांढुरकं धुकं धरतं, ते पुसून जात नाही, आणि जोड चार वेळा उघड-मीट केल्यावर परत सुटतो. डबी लगेच बंद केलीत तर तीच वाफ आत सीडीवरही बसते.

दुकानात उभं राहून काय बघायचं

नवी डबी घ्यायचीच झाली तर एक नमुना मागा आणि खिशात घरची एक निकामी सीडी घेऊन जा. दुकानदार हसेल. हसू द्या.

सीडी ट्रेवर दाबा. 'टक्' असा एकच आवाज यायला हवा. मग डबी उलटी करून हलवा. चकती आत खडखडली तर दात सैल आहेत. आता मधल्या गोलावर अंगठा दाबून कडेने सीडी उचला. अंगठा दाबल्यावर दात आत मिटतात आणि सीडी सुटते, अशी ती रचना आहे. सीडी धनुष्यासारखी वाकल्याशिवाय निघतच नसेल तर ती डबी फुकट दिली तरी घेऊ नका. वाकवून वाकवून मधल्या भोकाच्या कडेला बारीक तडा जातो. सीडी आतून बाहेर वाचली जाते आणि गाण्यांची सूचीही आतल्याच कडेला असते. तडा तिथवर पोचला की प्लेअर सरळ 'नो डिस्क' म्हणतो, मग बाहेरची सगळी गाणी धडधाकट असली तरी काय उपयोग?

ट्रे शक्यतो काळा घ्या. पारदर्शक ट्रे दिसायला देखणा, पण त्याचं प्लास्टिक काचेसारखं कडक असतं, दात पटकन तुटतात. काळ्या ट्रेच्या प्लास्टिकमध्ये सहसा रबराचा अंश असतो, म्हणून दात लवतात आणि टिकतात. अपवाद एकच: तुमच्या सीडीचा मागचा कागद आतल्या बाजूनेही छापलेला असेल तर काळा ट्रे ते चित्र झाकून टाकतो. तिथे पारदर्शकच लागेल.

मग झाकणाच्या आतले अर्धगोल कान बघा, ज्यांच्याखाली पुस्तिका सरकते. हलक्या डबीत त्यांच्या कडा धारदार राहिलेल्या असतात, जाडसर पुस्तिकेचं मुखपृष्ठ दोनदा काढलं की फाटतं. शेवटी एका हातात घरची जुनी डबी आणि दुसऱ्या हातात नवी घेऊन वजन बघा. फरक तळहाताला कळतो. पातळ भिंतींची डबी बोटाने मधोमध दाबली की लवते, रांगेत ठेवल्यावर हिचीच झाकणं आधी तडकतात.

लेबलं काढताना थर्माकोल आठवा

जुन्या डब्यांवर किमतीची लेबलं असतात आणि त्यांचा गोंद वीस वर्षांत दगड झालेला असतो. माझ्या शेजाऱ्यांनी रॉकेल सुचवलं, घरातून नेलपॉलिश रिमूव्हर पुढे आलं. दोन्ही नकोत. ही डबी पॉलिस्टायरिनची, म्हणजे थर्माकोलचंच घट्ट रूप. २०१८ च्या बंदीआधी ज्यांनी घरी गणपतीचं मखर केलं आहे त्यांना आठवत असेल, स्प्रे पेंट मारला की थर्माकोल जागच्या जागी खड्डे पडून वितळायचा. पेट्रोल, थिनर, रिमूव्हर या डबीचं तेच करतात, फक्त सावकाश. आधी चकाकी जाते, मग बारीक भेगांचं जाळं येतं. संत्र्याच्या सालीच्या तेलाने डाग जातात हा घरगुती उपायही इथे चालत नाही, ते तेलही पॉलिस्टायरिन विरघळवतं.

लेबलावर थोडं खोबरेल तेल चोळून पंधरा मिनिटं थांबा, नखाने खरवडा, मग भांडी घासायचा साबण आणि कोमट पाणी. तेल तसंच राहू देऊ नका. कोमट म्हणजे खरंच कोमट, उकळतं पाणी डबीला वाकवतं. हे सगळं करताना सीडी, पुस्तिका आणि मागचा कागद बाहेर काढलेले असावेत, हे सांगायला नको, पण मी एकदा मागचा कागद आत विसरलो होतो.

बसवताना मोडतं ते

बऱ्याच नव्या डब्या पहिल्याच दिवशी मोडतात. झाकण काढायचं तर डबी पूर्ण उघडा आणि झाकणाचा एक कान अंगठ्याने हलकेच बाहेर ढकला. खुंटी भोकातून निसटते, दुसरी आपसूक सुटते. दोन्ही बाजूंनी एकदम ओढलंत तर कान गेला समजा. झाकण निघाल्यावर ट्रेच्या बिजागरीकडच्या पट्टीखाली नख किंवा बोथट सुरी घालून तो उचला.

परत लावताना आधी मागचा कागद, दोन्ही कडा उभ्या आणि सरळ. त्यावर ट्रे, जाड पट्टी बिजागरीच्या बाजूला. कोपऱ्यांपाशी दाबा, मधल्या दातांवर कधीच नाही. कडा वाकड्या राहिल्या तर ट्रे बसतो पण नाव चुरगळतं, आणि ते कपाटात रोज दिसतं.

नाशिकच्या पावसाळ्यात हे काम करत असाल तर पुस्तिका आधी पंख्याखाली दोन दिवस सुट्या ठेवा. गुळगुळीत कागद दमट असताना नव्या डबीत गेला की झाकणाला चिकटतो, आणि सोडवताना शाई प्लास्टिकवर राहते.

जुन्या बाजारात काय उचलावं

बुधवारी गंगेवर, म्हणजे नाशिकच्या गोदाकाठी, भरणाऱ्या बाजारात आणि रद्दीवाल्यांकडे जुन्या सिनेमा-नाटकांच्या व्हीसीडी पोत्याने असतात. त्या डब्यांसाठी घ्या. दोन चकत्यांची, मध्ये उघडणारं पान असलेली डबी आज नवी मिळणं कठीण, आणि दोन सीडींच्या संचाला तीच लागते. लोकांच्या टेबलाच्या खणात सुट्या विकल्या जाणाऱ्या कोऱ्या सीडीही असतात, एकेका डबीत घातलेल्या. तो माल आता नव्याने फारसा येत नाही, मोझर बेअरसारखी मोठी कंपनीही २०१८ मध्ये अवसायनात गेली. मावशींच्या खणातून मला अशा नऊ डब्या मिळाल्या, काळा ट्रे, चांगल्या जाड. बदल्यात त्यांच्या स्तोत्रांच्या सीडी मोबाइलवर घालून दिल्या.

जाड संचाच्या डबीत चकतीवर स्पंजची चौकोनी गादी सापडली तर ती लगेच फेका. जुना स्पंज विरघळून चिकट होतो आणि सीडीच्या छापील बाजूला धरतो. ती छापील बाजूच नाजूक, खाली आरशासारखा थर आणि वर लाखेचा पापुद्रा, बस. खालच्या बाजूचा ओरखडा पॉलिश होऊ शकतो, वरचा नाही. याच कारणासाठी मऊ पीव्हीसीचे पाऊच, ज्यांना नव्या रेनकोटसारखा वास येतो, ते कायमच्या साठवणीला घेऊ नका. पॉलिप्रॉपिलीनचे चालतात.

पुठ्ठ्याच्या घडीच्या पाकिटातली सीडी असेल आणि त्यातले दात तुटले असतील, तर ते पाकीट फेकून डबीत बदली करू नका. पाकीट हाच तर अल्बमचा कागद. चकती पॉलिप्रॉपिलीनच्या पाऊचमध्ये घालून त्याच पाकिटात ठेवा.

ऑनलाइन मागवल्या तर

माझं २० डब्यांचं पार्सल आलं, त्यात ७ तडकलेल्या. विकणाऱ्याने त्या नुसत्या पातळ पिशवीत गुंडाळल्या होत्या, आणि परत घ्यायला तो आठवडाभर टाळत राहिला. आता मागवण्याआधी विचारतो, पुठ्ठ्याच्या खोक्यात उभ्या लावून पाठवणार का? उघडताना मोबाइलवर व्हिडिओ घेतो. प्रत्येक डबीचे दोन्ही कान प्रकाशासमोर धरून बघतो, कारण तडा तिथेच लपतो. आणि गरजेपेक्षा तीन-चार जास्त मागवतो. तुटलेल्या आल्या तरी त्यांचे ट्रे ठेवून देतो, खोक्यावर 'ट्रे, काळे' असं लिहून. पलुस्करांच्या सीडीला शेवटी त्याच खोक्यातला ट्रे लागला, आणि झाकण एका जुन्या व्हीसीडीचं.