पळी खरंच तांब्याची आहे का?

नाशिकच्या भांडी बाजारातून आणलेली पळी तांब्याची की पितळेवर नुसता मुलामा, हे घरीच घनता काढून कळतं. आधी कोरड्या पळीचं वजन करा. समजा ४५ ग्रॅम भरलं. मग पाण्याचं भांडं काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणा. पळी दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला अजिबात टेकू देऊ नका. आता काट्यावर दिसतील तितके ग्रॅम म्हणजे पळीचं मिलिलिटरमधलं आकारमान, कारण पाण्याची घनता जवळजवळ १ आहे. ५ आले, तर ४५ ÷ ५ = ९. तांब्याची घनता ८.९६, पितळेची साधारण ८.५. काटा ०.१ ग्रॅम दाखवणाराच हवा. आणि पळीला चिकटलेले बुडबुडे आधी झटका. त्यांनी आकारमान फुगतं नि अस्सल तांबंही पितळ वाटू लागतं.