ज्युनिअर हॉकीतून कॉलेजात : खेळाडू जोखताना मी काय पाहते

गेले नऊ हिवाळे मी मिशिगनमध्ये आइस हॉकीच्या तरुण खेळाडूंविषयी अहवाल लिहिते आहे. पोटापाण्याची नोकरी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत आहे. हॉकीचे काम शुक्रवार-शनिवारचे, खेळाडूंच्या कुटुंबांना सल्ला देणाऱ्या एका छोट्या कार्यालयासाठी, आणि त्यातून मिळणारे बरेचसे पैसे पेट्रोल आणि कॉफीतच जातात. मी खडकीत वाढले, मुरमाच्या मैदानावर हॉकी खेळले, त्यामुळे बर्फावरचा हा खेळ पहिल्यांदा पाहिला तेव्हा नाव सोडले तर ओळखीचे काहीच सापडले नव्हते. हल्ली स्पोर्ट्‌स ॲनालिटिक्स शिकायला इकडे आलेली मराठी मुले-मुली विचारतात, की या कामात शिरायचे तर सुरुवात कुठून करावी. मी त्यांना उलट एकच प्रश्न विचारते : ज्युनिअर लीगमध्ये चमकणारा अठरा वर्षांचा मुलगा कॉलेजच्या संघात गेल्यावर त्याचे काय होईल, आणि पहिले वर्ष संपल्यावर ते बरे गेले की वाईट, हे गोलांचा तक्ता न उघडता सांगता येईल का?

रचना आधी नीट समजून घ्यावी, कारण निम्म्या चुका तिथेच होतात. अमेरिकेतील सर्वांत वरची ज्युनिअर लीग म्हणजे यूएसएचएल. तिथे संघ हंगामात ६२ सामने खेळतो. कॅनडात सीएचएलच्या छत्राखाली तीन मोठ्या लीग आहेत आणि त्यांचा हंगाम ६४ ते ६८ सामन्यांचा असतो. दोन्हीकडे खेळाडू साधारण सोळा ते वीस वर्षांचे. कॉलेज हॉकी एनसीएए या कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संस्थेच्या अखत्यारीत येते. तिच्या पहिल्या श्रेणीत पुरुषांचे साठहून अधिक संघ आहेत, आणि नियमित हंगामात संघाला जास्तीत जास्त ३४ सामने खेळता येतात, तेही बहुतेक शुक्रवारी आणि शनिवारी. म्हणजे सामने जवळपास निम्मे झाले, आणि सोमवार ते गुरुवार सराव, व्यायामशाळा आणि वर्ग. समोरचा प्रतिस्पर्धी मात्र अठराचा नसतो. ज्युनिअरमध्ये विसाव्या वर्षापर्यंत खेळून मग कॉलेजात येण्याची इथे जुनी रीत असल्याने शेवटच्या वर्षातला डिफेन्समन (बचावपटू) सहज चोवीस वर्षांचा असतो. शाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलाला कोपऱ्यात दाबून धरायला त्याला फार कष्ट पडत नाहीत.

म्हणूनच मी कोणत्याही खेळाडूच्या नावाखाली सर्वांत आधी जन्मतारीख लिहिते, आणि वर्षांबरोबर महिनेही लिहिते. एनएचएल या सर्वोच्च व्यावसायिक लीगचे संघ पाळीपाळीने तरुण खेळाडू निवडतात, त्या ड्राफ्टसाठी १५ सप्टेंबर ही सीमारेषा आहे. त्या तारखेपर्यंत अठरा पूर्ण झालेला मुलगा त्या हंगामाच्या ड्राफ्टमध्ये धरला जातो, दोन दिवस उशिरा जन्मलेला पुढच्या वर्षी. त्यामुळे एकाच ड्राफ्टमधल्या दोन मुलांत जवळजवळ वर्षाचे अंतर असू शकते, आणि या वयात एका वर्षात खांदे किती भरतात हे घरात मुलगा वाढवलेल्या कुणालाही सांगायला नको. कॉलेजच्या पहिल्या वर्षात हे अंतर तीन वर्षांपर्यंत ताणले जाते : एक फ्रेशमन अठराचा, दुसरा एकवीसचा, आणि तक्त्यात दोघांपुढे ‘पहिले वर्ष’ एवढेच लिहिलेले.

माझी सर्वांत लाजिरवाणी चूक याच जागी झाली. दुसऱ्या हिवाळ्यात मी एका फॉरवर्डवर भरभरून लिहिले होते. ज्युनिअरच्या अखेरच्या हंगामात तो सामन्यामागे एकाहून अधिक पॉइंट मिळवत होता (गोल आणि गोलासाठी दिलेला पास, दोन्हींचा एकेक पॉइंट), आणि मी बेधडक लिहून टाकले की कॉलेजात तो पहिल्या वर्षीच वरच्या दोन फळ्यांत खेळेल (एकत्र उतरणाऱ्या तीन फॉरवर्डची एक फळी, संघात अशा चार). नोव्हेंबरात तो चौथ्या फळीत होता आणि जानेवारीत कोट-टाय घालून प्रेक्षकांत बसला होता. नंतर मी त्याच्या ज्युनिअर सामन्यांचे चित्रीकरण पुन्हा बसून पाहिले आणि जे आधी दिसायला हवे होते ते दिसले. त्याचे निम्म्याच्या आसपास पॉइंट पॉवर प्लेवरचे होते, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा एक खेळाडू शिक्षा भोगत बसलेला असताना, पाच विरुद्ध चार असे. त्या वेळी तो डाव्या भिंतीशी उभा राही, पक (चेंडूऐवजी असणारी रबरी चकती) त्याच्याकडे येई, आणि तो वीस वर्षांचा असल्याने सतरा वर्षांची मुले अंगावर यायला कचरत. कॉलेजात ती जागा तिसऱ्या वर्षातल्या मुलाकडे होती. पाच विरुद्ध पाच खेळताना स्वतः पक मिळवणे त्याला कधी जमलेच नव्हते, आणि मी तेवढेच तपासले नव्हते.

नवख्यांची दिशाभूल सर्वांत जास्त कोण करत असेल तर अपवाद. मॅकलिन सेलेब्रिनी शिकागो स्टीलकडून ५० सामन्यांत ८६ पॉइंट करून बॉस्टन विद्यापीठात गेला आणि सतराव्या वर्षी ३८ सामन्यांत ६४ पॉइंट करून कॉलेजातील सर्वोत्तम खेळाडूचा होबी बेकर पुरस्कार घेऊन बाहेर पडला. त्याच्या आदल्या वर्षी ॲडम फँटिलीने मिशिगनसाठी ३६ सामन्यांत ६५ पॉइंट केले. अशी उदाहरणे लागोपाठ पाहिली की वाटते, गुणी मुलगा कॉलेजात जातो, एक वर्ष राज्य करतो आणि एनएचएलला निघतो. प्रत्यक्षात हे मोजक्या मुलांचे नशीब असते आणि त्यांच्यासाठी माझ्यासारख्या अहवालवाल्याची कुणाला गरज नसते. आपले काम उरलेल्यांसाठी आहे.

उरलेल्यांसाठी मी केल मकारचे पहिले वर्ष समोर ठेवते. त्याचे दुसरे वर्ष सगळ्यांनाच आठवते. २०१६-१७ मध्ये तो अल्बर्टाच्या ज्युनिअर लीगमध्ये ब्रूक्स बँडिट्‌सकडून खेळत होता. ५४ सामन्यांत ७५ पॉइंट, आणि तेही डिफेन्समन असून. ती लीग सीएचएलपेक्षा खालची मानली जाते, त्यामुळे आकड्यांवर शंका घेणारे पुष्कळ होते. २०१७ च्या ड्राफ्टमध्ये कोलोरॅडोने त्याला चौथ्या क्रमांकावर घेतले आणि तो मॅसॅच्युसेट्‌स विद्यापीठात गेला. तिथल्या संघाने आदल्या हंगामात अवघे ५ सामने जिंकले होते. पहिल्या वर्षी मकारचे ३४ सामन्यांत २१ पॉइंट झाले. ड्राफ्टमधील चौथ्या खेळाडूला हे थोडेच, असे म्हणणारे तेव्हा चुकीचे बोलत होते असे नाही. ते फक्त चुकीचा रकाना वाचत होते. दुर्बळ संघात गेल्यामुळे त्याला खेळायला भरपूर वेळ मिळाला, चुका करून पुन्हा बर्फावर उतरण्याची मुभा मिळाली. पुढच्या वर्षी ४१ सामन्यांत ४९ पॉइंट, होबी बेकर, आणि संघ राष्ट्रीय अंतिम सामन्यात. नामांकित संघात बाकावर बसून त्याचे काय झाले असते ते कुणालाच सांगता येणार नाही. पण एखादा मुलगा कुठे जातो आहे यापेक्षा तिथे त्याच्या जागेवर आज कोण खेळते आणि तो केव्हा पदवी घेऊन बाहेर पडणार, हे आधी पाहावे, एवढे मी त्यातून घेतले.

आकडेवारी शिकून आलेल्यांना एक गोष्ट टोचून सांगावीशी वाटते. वेगवेगळ्या लीगमधले पॉइंट एका मापात आणणारी गुणोत्तरे तुम्हाला वर्गात शिकवतील आणि ती निरर्थक नाहीत. शंभर मुलांचा घोळका पुढे ठेवला तर ती ठीक चालतात. पण आपल्यापुढे एक मुलगा असतो आणि त्याचे ३४ सामने असतात. त्यात पक दोनदा खांबाला लागून आत गेला काय किंवा बाहेर आला काय, वर्षाची कहाणी बदलून जाते. म्हणून पहिल्या वर्षी मी पॉइंटच्या आधी मिनिटे पाहते. प्रशिक्षक कुणाला केव्हा उतरवतो हे त्याचे सर्वांत प्रामाणिक मत असते, कारण मुलाखतीत तो सगळ्यांचेच कौतुक करतो. एका गोलाची आघाडी असताना शेवटच्या दोन मिनिटांत कोण आहे, आपला खेळाडू शिक्षा भोगत असताना चौघांत कोण आहे, स्वतःच्या गोलसमोरच्या फेसऑफला (दोघांमध्ये पक टाकून खेळ पुन्हा सुरू होतो तेव्हा) कुणाला पाठवले, हे वहीत लिहावे.

आणि पक नसताना काय चालले आहे ते पाहावे. ॲन आर्बरला मिशिगन विद्यापीठाच्या योस्ट रिंकवर मी शक्यतो गोलमागे, वरच्या ओळीत बसते. टीव्हीवर पकच्या मागे धावणारा कॅमेरा नेमके हवे तेच दाखवत नाही. समजा, प्रतिस्पर्ध्याने पक आपल्या कोपऱ्यात लोटला आणि आपला डिफेन्समन पाठ करून तो आणायला निघाला. मागून पूर्ण वेगाने एक फॉरवर्ड येतो आहे. निळ्या रेषेजवळ, म्हणजे आपल्या भागाच्या हद्दीवर, वळतानाच आपला डिफेन्समन एकदा खांद्यावरून मागे पाहतो का? आणि पकला स्टिक लागण्याच्या क्षणभर आधी पुन्हा पाहतो का? पहिल्या नजरेत त्याला कळते, कोण आणि कुठल्या बाजूने येत आहे. दुसऱ्या नजरेत कळते, पहिल्या नजरेतला अंदाज अजून खरा आहे की नाही. जो दोनदा पाहतो तो एका स्पर्शात पक गोलमागून सहकाऱ्याकडे सरकवतो आणि धक्का बसेपर्यंत काम उरकलेले असते. जो एकदाच पाहतो तो ज्युनिअरमध्ये निभावतो, कारण तिथला फॉरवर्ड अर्धा सेकंद उशिरा पोहोचतो. जो पाहतच नाही तो काचेवर आदळल्याचा आवाज वरच्या ओळीपर्यंत येतो. खडकीत आमच्या सरांनी चेंडू येण्याआधी मान वळवायला शिकवले होते, ते इतक्या वर्षांनी, हजारो मैलांवर, असे कामी येईल हे त्यांच्या किंवा माझ्या स्वप्नातही नव्हते.

एक रात्र पाहून अहवाल लिहू नये. कॉलेजमध्ये बहुधा तोच प्रतिस्पर्धी शुक्रवारी आणि शनिवारी लागोपाठ असतो, आणि हे परीक्षकासाठी वरदान आहे. शुक्रवारी ज्याने चकवले त्याला शनिवारी समोरचे सगळे ओळखून असतात. मग आपला मुलगा दुसरे काही काढतो की तेच करत राहतो, हे दिसते. एका वेळी एकाच खेळाडूकडे पाहावे, तो बाकावर गेला तरी नजर काढू नये. शिफ्ट, म्हणजे बर्फावर उतरल्यापासून बाकावर परतेपर्यंतची पाळी, चाळीस-पन्नास सेकंदांची असते, तेवढा वेळ पक कुठेही गेला तरी मान वळू द्यायची नाही. पहिले काही महिने हे अत्यंत कंटाळवाणे वाटते आणि गोल हमखास हुकतात.

गोलरक्षकांच्या बाबतीत माझा सल्ला थोडका आहे : घाई करू नका. कॉनर हेलेबक २०१२ मध्ये पाचव्या फेरीत, १३० व्या क्रमांकावर निवडला गेला, यूमास लोवेल विद्यापीठात दोन वर्षे खेळला, आणि पुढे एनएचएलमधला सर्वोत्तम गोलरक्षक ठरून त्याने त्यासाठीचा वेझिना पुरस्कार तीनदा जिंकला. त्याला अठराव्या वर्षी पाहून हे कुणी लिहिले असते तर कुणी छापलेही नसते.

ज्या मोजपट्ट्या मी पहिल्या सात-आठ वर्षांत घडवल्या त्यांतील काही आता मोडीत निघाल्या आहेत. पूर्वी सीएचएलमध्ये एक सामना खेळलेला मुलगाही एनसीएएच्या दृष्टीने व्यावसायिक ठरे, त्यामुळे पंधरा-सोळाव्या वर्षीच घराला कायमचा निर्णय घ्यावा लागे. नोव्हेंबर २०२४ मध्ये एनसीएएने तो नियम बदलला आणि १ ऑगस्ट २०२५ पासून सीएचएलच्या खेळाडूंना कॉलेजची दारे उघडली. सीएचएलच्या वेस्टर्न लीगमध्ये ५६ सामन्यांत १२९ पॉइंट केलेला गॅव्हिन मकेना लगेच पेन स्टेटला गेला, त्याची बातमी सगळीकडे झाली. पण फरक पडला तो खाली. दोन वर्षांपूर्वी ज्या यूएसएचएलमधील मुलाविषयी मी ‘पहिल्या वर्षी तिसरी फळी’ असे लिहिले असते, त्याच्या जागेवर आता कॅनडाहून आलेला, दोनशे सामने खेळलेला वीस वर्षांचा मुलगा उभा असतो, आणि आपल्या मुलाला कॉलेज सांगते की आणखी एक वर्ष ज्युनिअरमध्येच थांब. हे थांबणे पालकांना अपमान वाटते. बहुतेक वेळा तो अपमान नसतो, आणि हे त्यांना पटवणे हाही या कामाचा भागच आहे.

पैशांविषयी इकडचे मराठी पालक लगेच विचारतात, म्हणून थोडक्यात सांगते. आयव्ही लीगची विद्यापीठे खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत. गरजेनुसार साहाय्य देतात. इतरत्र पूर्वी संघामागे १८ पूर्ण शिष्यवृत्त्यांइतकीच रक्कम असे आणि ती तुकड्यातुकड्यांत वाटली जाई. कॉलेज खेळाडूंच्या मोबदल्याविषयीच्या दाव्यात २०२५ मध्ये झालेल्या न्यायालयीन तडजोडीनंतर, ती तडजोड स्वीकारणाऱ्या विद्यापीठांना संघ २६ खेळाडूंचा ठेवून सर्वांना शिष्यवृत्ती देता येते. देता येते म्हणजे देतातच असे नव्हे. पत्रात काय लिहिले आहे ते वाचावे.

गेल्या हिवाळ्यात एका डिफेन्समनचे पहिले वर्ष मी पूर्ण पाहिले. वय अठरा वर्षे सात महिने, अंगाने किरकोळ, ३० सामन्यांत ३ पॉइंट. कार्यालयात त्याचे नाव निघाले की सगळे गप्प होत. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी त्याचा संघ एका गोलने पुढे होता, शेवटचे मिनिट चालू होते, प्रतिस्पर्ध्याने गोलरक्षक काढून सहावा खेळाडू उतरवला होता, आणि प्रशिक्षकाने बाकावरच्या तीन मोठ्या मुलांना सोडून याला पाठवले. पक कोपऱ्यात गेला. त्याने निळ्या रेषेवर मागे पाहिले, पकजवळ पुन्हा पाहिले, आणि काचेला लावून पक आपल्या भागाबाहेर सरकवून तो धक्का खाऊन खाली बसला. घड्याळात अकरा सेकंद उरले होते. मी वहीत जन्मतारखेखाली ‘दोनदा’ एवढेच लिहिले आणि ऑक्टोबरमधल्या पहिल्या चार सामन्यांसाठी माझे नाव नोंदवून टाकले.