वाय-फाय जोडलं जातं, पण लॉगिनचं पान उघडत नाही: माझा अनुभव

विद्यापीठाच्या वाय-फायला लॅपटॉप जोडला जायचा, पण 'नो इंटरनेट' दिसायचं आणि नाव-पासवर्ड विचारणारं पान येतच नव्हतं. मोबाइलवर मात्र सगळं सुरळीत. रीस्टार्ट केलं, नेटवर्क 'फर्गेट' करून पुन्हा जोडलं, ब्राउझर बदलला. दोन दिवस अक्षरशः वैताग आला.

कारण निघालं डीएनएस, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारा सर्व्हर. घरी मी तो हाताने ८.८.८.८ (गूगलचा डीएनएस) असा भरला होता. लॉगिन होईपर्यंत इथलं नेटवर्क बाहेरच्या डीएनएसला जाऊ देत नाही, त्यामुळे लॉगिन पानाचा पत्ताच सापडत नव्हता.

विंडोज ११ मध्ये हे केलं: आधी व्हीपीएन (दुसऱ्या सर्व्हरमार्गे इंटरनेट चालवणारं ॲप) बंद. मग सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वाय-फाय, जोडलेल्या नेटवर्कचे प्रॉपर्टीज. तिथे 'डीएनएस सर्व्हर असाइनमेंट'समोर एडिट दाबून 'ऑटोमॅटिक (डीएचसीपी)' निवडलं, म्हणजे डीएनएस नेटवर्कच ठरवतं, आणि सेव्ह केलं. वाय-फाय बंद करून पुन्हा चालू केलं. शेवटी ब्राउझरमध्ये एचटीटीपीने सुरू होणारा साधा पत्ता टाकला. एचटीटीपीएस नको, कारण सुरक्षित पान मधेच लॉगिनकडे वळवलं की ब्राउझर इशारा देऊन अडवतो.

लॉगिनचं पान लगेच आलं. अँड्रॉइडवर हीच अडचण असेल तर आधी 'प्रायव्हेट डीएनएस' हे सेटिंग तपासा; तिथेही बाहेरचा डीएनएस भरलेला असू शकतो.