चिनी गावाचा फेरफार कसा लिहावा

माझ्या बहिणीचा मुलगा चीनमधल्या चांगचुनला डॉक्टरकी शिकून आला. येताना सगळ्यांसाठी चहा, आणि माझ्यासाठी तिथल्या जुन्या बाजारातलं एक चित्राचं पोस्टकार्ड. "मावशी, हे तुझ्या रुमालात ठेव," म्हणाला. रुमाल म्हणजे जुन्या कागदांचं गाठोडं, एवढं त्याला माझ्यामुळे माहीत आहे. एकतीस वर्षं मी महसुलात काढली, अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले, आणि रविवार कारंजाजवळच्या आमच्या घरात अजून तीन रुमाल बांधलेले आहेत.

कार्डावर एक रुंद कच्चा रस्ता, दोन्ही बाजूंना दुकानं, विजेचे खांब. चित्राखाली छापलेली एक ओळ. मागच्या बाजूला टपालाचा गोल शिक्का, त्यात ५, ६, १२ असे आकडे, आणि कोणीतरी पेन्सिलीने लिहिलेला छोटा मजकूर, त्याच्या डोक्यावर दोन अक्षरं आणि पाच. भाच्याने छापील ओळ वाचली: "जियानदाओ शंग, हुनचुन." शंग म्हणजे आपल्या राज्यासारखा मुलूख. हुनचुन त्याने पाहिलेलं होतं. चीन, रशिया आणि उत्तर कोरिया यांच्या हद्दी भेटतात तिथलं हे गाव. पाट्या चिनी, कोरियन आणि रशियन. "पण मावशी, हुनचुन तर जीलिन शंगमध्ये आहे. हे जियानदाओ कुठून आलं?"

असा प्रश्न मला विचारू नये. मी चारशे पानी वही काढली.

ज्यांना एखाद्या परक्या मुलखातल्या गावाचा कारभारी इतिहास लावायचा आहे, त्यांनी "ते कुठल्या राज्यात होतं?" असं विचारायचंच सोडून द्यावं. जमिनीचा मालक कोण, हे आपण एका ओळीत विचारत नाही, फेरफार काढतो. गाव नमुना सहामध्ये नोंदीला क्रमांक असतो, तारीख असते, काय बदललं ते असतं, कोणाच्या हुकमाने बदललं ते असतं. गावालाही तसंच लावायचं. मी पाच रकाने आखले: साल, गावाचा दर्जा, तिथे बसणारा अधिकारी, तो कोणाला उत्तर देत होता, आणि हद्द. सहावा शेरा, त्याच्याशिवाय कारकुनाला चैन पडत नाही.

सुरुवात कुठून करायची हेही ठरवून घ्या. चिनी शहरांच्या स्थानिक इतिहासात "स्थापना आणि बदल" अशा अर्थाचं एक प्रकरण हमखास असतं, आणि ते हजार-दीड हजार वर्षं मागे जातं. हुनचुनजवळ आठव्या शतकात बोहाई राज्याची राजधानी काही वर्षं होती, हे खरं आहे. पण आजच्या कचेरीशी तिचा संबंध म्हणजे नाशिक महापालिकेचा इतिहास शूर्पणखेच्या नाकापासून सुरू करण्यासारखा. जिथून कागद अखंड सुरू होतो तिथून धरा. हुनचुनच्या बाबतीत ते साल १७१४.

आता सालांचं. इथे मी जी माती खाल्ली ती आधी सांगते. पेन्सिलीच्या त्या दोन अक्षरांतलं पहिलं फोनच्या कॅमेऱ्याने "कांग" असं वाचलं, दुसरं पुसट होतं, पुढे पाच. मी बादशहांची यादी काढली, कांगशी सापडला, त्याचं पाचवं वर्ष म्हणजे १६६६. भाच्याला अभिमानाने सांगितलं की हे कार्ड शिवाजी महाराज आग्र्याला गेले त्या वर्षीचं आहे. तो म्हणाला, "मावशी, खांबांवर विजेच्या तारा आहेत."

मोडी कागद वाचणाऱ्याला यात नवं काही नाही. आपल्याकडेही एका कागदावर शके असतं, दुसऱ्यावर फसली, तिसऱ्यावर शुहूर सन. शकात ७८ मिळवा, फसलीत ५९०, आणि वर्ष कधी पालटतं ते बघून एखादं इकडे-तिकडे करा. चिनी कागदावर बादशहाच्या कारकिर्दीचं वर्ष असतं आणि बादशहा बदलला की मोजणी पुन्हा एकपासून. म्हणून वहीच्या पुठ्ठ्यावर ही बेरीज लिहून ठेवा: कांगशीला १६६१ मिळवा, क्वांगशूला १८७४, शुआनथोंगला १९०८. बादशाही गेल्यावर प्रजासत्ताकाचं वर्ष आलं, त्याला १९११. पुढे जपान्यांनी ईशान्य चीनमध्ये मांचुक्वो हे आपल्या तालावरचं राज्य उभं केलं, त्यात आधी ताथोंग, त्याला १९३१, आणि मग कांगते, त्याला १९३३. क्वांगशू ७ म्हणजे १८८१. जुनं चिनी वर्ष जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत सुरू होई, म्हणून वर्षाच्या शेवटच्या महिन्याचा कागद असेल तर आपल्या हिशेबाने पुढचं साल लागू शकतं. ज्याला शके आणि पाडवा कळतो त्याला हे समजवावं लागत नाही.

कांगशी आणि कांगते यांच्यात अडीचशेहून जास्त वर्षांचं अंतर आहे, आणि दोघांचंही पहिलं अक्षर एकच. तेव्हा दुसरं अक्षर वाचल्याशिवाय साल लिहू नका.

नावाचं फार नाही. एकच गाव चिनी माणूस हुनचुन म्हणतो, जपानी त्याच अक्षरांना कोनशुन वाचतो. जियानदाओला जपानी कांतो म्हणत. कांतो आणि जियानदाओ हे दोन वेगळे मुलूख समजून मी दोन पानं वाया घालवली. एका रकान्यात सगळे उच्चार लिहून टाका आणि पुढे चला.

खरा घोळ दर्ज्यांचा. मराठी पुस्तकांत चीनच्या "शंग"ला प्रांत म्हणतात. महसुलातल्या माणसाला प्रांत म्हटलं की उपविभागीय अधिकारी दिसतो, निफाडचा किंवा येवल्याचा, गळ्यात ओळखपत्र आणि दारात जीप. म्हणून मी वहीत शंगच लिहिते आणि मनात राज्य धरते. त्याखाली जिल्ह्याच्या अंगाने जाणारी पायरी, त्याखाली "शियन", म्हणजे आपला तालुका. आणि मग येतो "शि", ज्याचं भाषांतर सगळे शहर असं करतात आणि फसतात. शि जिल्ह्याच्या पायरीवरही असतो आणि तालुक्याच्या पायरीवरही. हुनचुन १९८८ मध्ये शि झालं, पण तालुक्याच्याच पायरीवर राहिलं. म्हणजे उद्या सरकारने हुकूम काढून अख्ख्या निफाड तालुक्याला, द्राक्षबागा, ऊस, कॅनॉल सगळ्यांसकट, "निफाड शहर" म्हणायचं ठरवलं तर जे होईल ते. हुनचुन "शहर" पाच हजार चौरस किलोमीटरच्या वर आहे, आपल्या नाशिक जिल्ह्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं. त्यात बहुतेक जंगल, आणि माणसं अडीच लाखांच्या आत. त्या काळात चीनमध्ये तालुक्यांना शहराचा दर्जा देण्याची लाटच आली होती. १९९७ मध्ये ती सरकारने थांबवली. म्हणून "१९८८: शहर झाले" एवढंच लिहून सोडू नका. हद्दीच्या रकान्यात "बदल नाही" असं लिहा. आमच्याकडे १९८२ मध्ये महापालिका झाली तेव्हा उलट होतं: नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर एकत्र आले, आजूबाजूची खेडी आली, हद्दच पालटली. दोन्ही नोंदींत शब्द "शहर", पण फेरफाराचा प्रकार वेगळा.

मग अधिकाऱ्याचा रकाना. इथे थोडा वेळ द्या, कारण या मुलखाची सगळी गंमत यात आहे. चीनवर राज्य करणाऱ्या मांचू बादशहांनी ईशान्येतल्या आपल्या मूळ भूमीत बाहेरच्या शेतकऱ्यांना वस्ती करायला दीर्घकाळ बंदी ठेवली होती. त्यामुळे तिथे मामलेदार नव्हता, लष्करी अंमलदार होता. १७१४ मध्ये हुनचुनला "शिएलिंग" आला, तो निंगूताच्या वरिष्ठ अंमलदाराच्या हाताखाली. १८६० च्या पेकिंग तहात उसुरी नदीच्या पूर्वेचा सगळा किनारा रशियाला गेला. हुनचुनपासून समुद्र दिसण्याएवढ्या अंतरावर राहिला, पण हाताला लागेना. हद्द अंगावर आल्यावर बादशहाला जाग आली: १८८१ मध्ये हुनचुनला "फूदूथोंग" हा मोठा लष्करी अधिकारी बसवला आणि त्याच सुमाराला वस्ती करणाऱ्यांना जमीन देणारी कचेरीही उघडली. १८८६ मध्ये वू ताछंग या अधिकाऱ्याने रशियनांशी बोलणी करून हद्दीचा दगड पुन्हा रोवून घेतला. शिवारात बांधाचा दगड सरकवण्याचे खटले मी पाहिलेत, म्हणून ही नोंद लिहिताना मजा आली.

या काळात एका गावात दोन दप्तरं चालतात हे लक्षात ठेवा. फौजेच्या कुटुंबांचा कारभार लष्करी अंमलदाराकडे, आणि नव्याने आलेल्या शेतकऱ्यांसाठी मुलकी यंत्रणा हळूहळू वाढते. १९०२ मध्ये शेजारच्या यानजीला "थिंग" ही मुलकी कचेरी झाली. आम्हा नाशिककरांना यात अवघड काय आहे? देवळाली कॅम्पात गेलं की कँटोन्मेंट, रस्ता ओलांडला की महापालिका. एका सालासमोर दोन अधिकारी आले तर एक खोडू नका, दोन्ही लिहा.

१९०७ मध्ये लष्करी मुलूख मोडून तीन शंग केले: फंगथियन, जीलिन, हैलोंगजियांग. १९०९ मध्ये हुनचुनचा फूदूथोंग गेला आणि तिथे थिंग आलं. प्रजासत्ताक आल्यावर १९१३ मध्ये देशभरच्या फू, थिंग, चौ अशा जुन्या मुलकी दर्ज्यांना एकच पाटी लागली, शियन. ही नोंद तुम्हाला कुठल्याही चिनी गावाला वापरता येईल.

गावात झेंडा लावून बसलेली प्रत्येक कचेरी राज्य करणारी नसते, हाही एक धडा मला हुनचुननेच दिला. तिथे जपानची वकिलात होती. १९२० मध्ये तिच्यावर हल्ला झाला आणि ते निमित्त करून जपानने सैन्य घुसवलं. पण म्हणून १९२० ला "जपानी अंमल" लिहायचं नाही. ते शेऱ्यात जातं. अंमल पालटला १९३२ ला, मांचुक्वोबरोबर. आणि डिसेंबर १९३४ मध्ये मांचुक्वोने जुने मोठे शंग तोडून लहान लहान केले, तेव्हा हुनचुन जीलिनमधून निघालं आणि तुमेन नदीकडचे पाच तालुके मिळून जियानदाओ शंग झाला. मुख्य ठिकाण यानजी. सापडलं एकदाचं.

उलट चूकही होते: कागदावरचं राज्य खरं मानायची. जपान हरल्यावर राष्ट्रवादी सरकारने ईशान्येचे नऊ शंग आखले, त्यात हुनचुन सोंगजियांगमध्ये दाखवलं. तिकडे त्यांची माणसं कधी पोचलीच नाहीत. १९४५ नंतर तिथे कम्युनिस्टांचा अंमल होता. तरी नकाशे छापले गेले. मालेगाव जिल्हा आम्ही इतकी वर्षं ऐकतोय, मोर्चे निघाले, निवडणुकीत आश्वासनं झाली. पण राजपत्र निघेपर्यंत माझ्या वहीत मालेगाव तालुकाच. सोंगजियांगपुढे मी शेरा मारला: "नकाशावर."

पुढचं भराभर. १९५२ मध्ये कोरियन वस्तीसाठी यानब्यान हा स्वायत्त विभाग झाला, १९५५ मध्ये त्याला "चौ" हा आजचा, जिल्ह्याच्या पायरीचा दर्जा मिळाला, आणि हुनचुन त्याखाली गेलं. आज त्यात सहा शि आणि दोन शियन आहेत. १९५४ मध्ये ईशान्येचे तुकडे जोडून पुन्हा तीनच शंग उरले. १९८८ चं सांगितलंच. १९९२ मध्ये व्यापारासाठी सीमा खुली केली, पण तो दर्ज्याचा फेरफार नाही.

आता ही वही उलटी वापरायची. सिन्नरच्या कागदावर "जिल्हा अहमदनगर" दिसलं की मला तारीख बघावी लागत नाही. नाशिक जिल्हा १८६९ चा, म्हणजे कागद त्याआधीचा. मालेगाव, नांदगाव, बागलाणच्या कागदावर त्याच काळात खानदेश असतं. कार्डाचंही तसंच. "जियानदाओ शंग" छापलंय म्हणजे डिसेंबर १९३४ च्या आधीचं नाही. शिक्क्यातला ५ हा प्रजासत्ताकाचा धरला तर १९१६ येतं, ते बाद. ताथोंग तिसऱ्या वर्षीच संपला, तोही बाद. उरला कांगते ५: १९३३ अधिक ५. भाच्याने भिंगाखाली पुसट अक्षर पाहिलं, "ते" निघालं.

१२ जून १९३८. त्यानंतर सात आठवड्यांच्या आत हुनचुनच्या हद्दीवरच्या चांगकूफंग टेकडीसाठी जपानी आणि सोव्हिएत फौजा लढल्या. कार्ड पाठवणाऱ्याने काय लिहिलंय ते भाच्याला विचारलं. "हवा छान आहे, दात दुखतोय," म्हणाला.

मी शेऱ्याच्या रकान्यात दात लिहिला आणि कार्ड दुसऱ्या रुमालात, सिन्नरच्या कागदांखाली, ठेवलं.